हॉटेलात एसी बंद, लिफ्ट बंद, भाडं मात्र पूर्ण: किती भरपाई मागणं रास्त?

खामलाकर
नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, जरा सविस्तर लिहितो.

पुतणीचं लग्न मेच्या मध्यात झालं. सोलापूरच्या पाहुण्यांसाठी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात सहा खोल्या घेतल्या, शनिवार-रविवारच्या दोन रात्री. एसी खोलीचा दर 4,000, वर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 4,200. चार खोल्या मी फोनवर ठरवल्या आणि आगाऊ रक्कम यूपीआयने दिली, दोन भाच्याने अ‍ॅपवरून घेतल्या.

पहिल्या रात्री चार खोल्यांचे एसी बंद पडले. दुसऱ्या रात्री त्यातल्या दोन सुरू झाल्या, दोन शेवटपर्यंत नाहीत. तक्रार केल्यावर मध्यरात्री एक कूलर आणून दिला. खोलीची खिडकी काचेची, कायमची बंद. कूलर आत ठेवून दार लावलं की अर्ध्या तासात चादर दमट आणि भिंतीला पाणी. कूलरला बाहेरची हवा लागते हे नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लिफ्ट दोन्ही दिवस बंद. आमची आत्या गुडघ्यांनी अधू, खोली तिसऱ्या मजल्यावर. लग्नाच्या दिवशी सकाळी तिला चक्कर आली आणि आम्हाला धंतोलीत नेऊन सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या रात्री एक कुटुंब तान्ह्या बाळाला घेऊन दुसऱ्या हॉटेलात गेलं.

मॅनेजर म्हणतो, "पुढच्या वेळी याल तेव्हा 20 टक्के सूट." सोलापूरचे पाहुणे पुढच्या वेळी कशाला येतील? मला पैसे परत हवे आहेत. पण किती मागावेत हे कळत नाही. घरात कुणी म्हणतं सगळं भाडं, कुणी म्हणतं लाखभर माग म्हणजे अद्दल घडेल. मला रास्त आकडा हवा आहे, जो मी कुणाच्याही समोर बसून सांगू शकेन.

तर्रीवाला_भाऊ
बाप्पा! मे महिन्यात नागपुरात एसी बंद? काहून गप्प राहिले भाऊ तुम्ही, रात्रीच खोली बदलून मागायची ना!

खामलाकर
मागितली. लग्नाची तिथी, हॉटेल भरलेलं. रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळवलं, निळ्या टिकाही आल्या आहेत. खोलीतलं तापमान दाखवणारा व्हिडिओ आहे, भिंतीवरच्या घड्याळासकट.

मेघना_रामदासपेठ
हे फार बरं केलंत काका. तोंडी तक्रारीला दुसऱ्या दिवशी कुणी वाली नसतो. आत्याबाई आता कशा आहेत?

खामलाकर
ठीक आहेत. सुखरूप सोलापूरला पोचल्या.

रोखठोक_44
माझं मत स्पष्ट आहे. सगळं भाडं परत आणि वर एक लाख मानसिक त्रासाचे. ही मंडळी लग्नसराईत दर दुप्पट करतात तेव्हा त्यांना रास्त-बिस्त आठवत नाही. मोठा आकडा टाकल्याशिवाय समोरचा फोन उचलत नाही.

फ्रंटऑफिसवाली
मी दुसऱ्या शहरात हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते, माहेर नागपूरचं. दोन्ही बाजू पाहिल्या आहेत म्हणून लिहिते.

उन्हाळ्यात एसीचे बाहेरचे युनिट गच्चीवर भर उन्हात असतात. आजूबाजूची हवाच इतकी तापलेली असते की उष्णता बाहेर टाकली जात नाही, दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर ट्रिप होतो. त्यात लग्नसराईत सगळ्या खोल्या एकदम चालू, व्होल्टेज कमी. हे अचानक घडू शकतं. पण नागपुरात मेमध्ये ऊन असणार हे अचानक नाही. एप्रिलमध्ये सर्व्हिसिंग करून घ्यायची असते आणि बहुतेक मालक तो खर्च टाळतात. त्यामुळे "मशीनच आहे, बिघडणारच" हे कारण मला पटत नाही.

मात्र रात्रपाळीच्या पोरावर राग काढू नका. त्याच्या हातात फार तर नाश्ता माफ करणं असतं. भाडं परत देण्याचा निर्णय मालक किंवा जनरल मॅनेजर घेतो. पुढच्या वेळची सूट सगळे आधी देऊन पाहतात, कारण त्यात गल्ल्यातून काही जात नाही आणि निम्मे पाहुणे ती वापरतही नाहीत. ती नम्रपणे नाकारा आणि लेखी नाकारा.

आणि सगळं भाडं परत मागणं मला योग्य वाटत नाही. पाहुणे राहिले, झोपले, आंघोळी केल्या, नाश्ता केला.

रोखठोक_44
झोपले कुठे ताई? तेच तर सांगून राहिले ते!

फ्रंटऑफिसवाली
दोन खोल्यांचे एसी दोन्ही रात्री चालू होते ना भाऊ. त्यांचं भाडं कुठल्या तोंडाने परत मागायचं?

ग्राहकसेवक_वर्धा
मी ग्राहक चळवळीत काम करतो. थोडं कायद्याचं सांगतो.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. एसी खोली म्हणून पैसे घेऊन एसी न देणं ही सेवेतली त्रुटी. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाते. दिलेला मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. घटनेपासून 2 वर्षांच्या आत दाखल करायची. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः बाजू मांडता येते.

दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. एक, पैसे तुम्ही दिले असले तरी तुमच्या संमतीने जे राहिले तेही कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच. म्हणजे आत्याबाई स्वतः तक्रार करू शकतात. दुसरी, 2019 च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेही तक्रार दाखल करता येते. त्यांना नागपूरला यायची गरज नाही, सोलापूरचा आयोग चालेल.

पण त्याआधी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक लावा. ते निकाल देत नाहीत, तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

रोखठोक भाऊंच्या एक लाखाबद्दल एक उदाहरण देतो. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये 2018 मध्ये एका महिलेचे केस चुकीचे कापले गेले. राष्ट्रीय आयोगाने 2021 मध्ये 2 कोटींची भरपाई दिली, देशभर बातमी झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द करून प्रकरण परत पाठवलं. सेवेत त्रुटी होती हे मान्यच राहिलं, पण एवढ्या रकमेला आधार देणारा पुरावा नोंदीवर नव्हता. तेव्हा आकड्यामागे कागद हवा.

तर्रीवाला_भाऊ
केस कापायचे 2 कोटी! आमचा सीताबर्डीचा न्हावी दर वेळी चुकतो, त्याच्याकडून आतापर्यंत अर्धं नागपूर वसूल झालं असतं 😄

जरीपटका_जंक्शन
हिवाळी अधिवेशनाच्या काळातला माझा अनुभव. साहेबांसाठी डिसेंबरची खोली ऑक्टोबरमध्येच पक्की केली होती, पैसे भरलेले. अधिवेशनाच्या आदल्या दिवशी फोन, "रेट वाढले, फरक भरा नाही तर बुकिंग रद्द." अडला हरी, भरला फरक. पण पावतीवर "वाढीव दर" असं लिहून घेतलं. नंतर 1915 वर नोंद केली, पावती जोडली, आणि फरकाची रक्कम खात्यात परत आली. लिहून घेतलं नसतं तर काही मिळालं नसतं.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणाऱ्या लोकांशीही असंच होतं. जामठ्याला मॅच असली की तेच. पक्की केलेली खोली ऐनवेळी महाग करणं हा गावाच्या पाहुणचाराला लागलेला कलंक आहे.

मेघना_रामदासपेठ
अगदी. बाहेरच्यांना आपण तर्री पोहे आणि सावजी कुठे खावं ते सांगतो, खोली कुठे घ्यावी हे सांगताना मात्र जीभ अडखळते.

सावजी_सम्राट
सावजीचा विषय निघालाच आहे तर वेगळा धागा काढा, मी यादी देतो. पण ४५ अंशांत पाहुण्यांना सावजी खाऊ घालू नका, मग आयोगात तुमच्यावरच तक्रार जाईल.

हिशेबनीस
मूळ प्रश्नाकडे येऊ. काकांनी आकडा विचारलाय आणि अजून कुणी मांडणी केलेली नाही.

खामलाकर काका, त्या हॉटेलात नॉन-एसी खोल्या आहेत का? असल्यास दर काय?

खामलाकर
आहेत. दरपत्रकावर 2,200 लिहिलंय, वर जीएसटी. रिसेप्शनवरच्या पाटीचा फोटो आहे माझ्याकडे.

हिशेबनीस
मग अर्ध काम झालं. तुम्हाला एसी खोलीच्या पैशात नॉन-एसी खोली मिळाली. हॉटेलने स्वतःच या दोन्हींतला फरक लावून ठेवलाय: 1,800, त्यावरचा जीएसटी 90, म्हणजे एका खोलीमागे एका रात्रीचे 1,890. हा तुमचा आकडा नाही, त्यांचाच आहे. त्यावर वाद घालायला त्यांना जागा नाही.

आता किती रात्री? पहिल्या रात्री चार खोल्या, दुसऱ्या रात्री दोन. पण दुसऱ्या रात्रीच्या दोनपैकी एक कुटुंब निघून गेलं. त्यांनी खोली वापरलीच नाही, म्हणून त्या खोलीचं त्या रात्रीचं पूर्ण भाडं परत: 4,200. उरल्या पाच, पाच गुणिले 1,890 म्हणजे 9,450. एकूण 13,650.

दुसऱ्या हॉटेलचं बिल वेगळं मागू नका. इकडचं भाडं परत घेतलं की तिकडचं आपल्या खिशातून जाणं रास्त आहे, एका रात्रीचे दोनदा पैसे मागता येत नाहीत. तिकडचं भाडं इकडच्यापेक्षा जास्त असतं तर वरचा फरक मागता आला असता.

खामलाकर
तिकडचं 3,150 होतं, म्हणजे कमीच. मग रात्री तिकडे जायला लागलेली टॅक्सी? 350 रुपये.

हिशेबनीस
ती घ्या. ती या बिघाडामुळेच करावी लागली. डॉक्टरांचं बिल किती?

खामलाकर
औषधांसह 2,300.

हिशेबनीस
13,650 + 350 + 2,300 = 16,300. हा झाला प्रत्यक्ष तोटा, प्रत्येक रुपयाला कागद आहे. त्रासापोटी वर काही मागायचं तर मागा, पण ते वेगळ्या ओळीत लिहा. दोन्ही एकत्र केलं की समोरचा माणूस फुगवलेल्या भागाकडे बोट दाखवून खऱ्या भागालाही नकार देतो.

वकिलीण_बाई_नाही
डॉक्टरांच्या बिलाबद्दल शंका आहे, राग मानू नका. मे महिन्यात लग्नघरात धावपळ करूनही चक्कर येते. हॉटेलवाले हेच म्हणतील. डॉक्टरांच्या कागदावर काय लिहिलंय?

खामलाकर
"डिहायड्रेशन" लिहिलंय, वेळ सकाळी 7:40. आत्या तोवर खोलीतून बाहेर पडलीच नव्हती. हळदीलाही ती लिफ्टमुळे खाली आली नव्हती, आदल्या दुपारपासून त्याच खोलीत होती. तिला भेटायला सगळ्यांना वर जावं लागलं. लग्नघरातलं सगळ्यात मोठं माणूस हळदीला नाही, याचं दुःख बिलापेक्षा जास्त आहे मला.

वकिलीण_बाई_नाही
मग हे सगळं तसंच्या तसं तक्रारीत लिहा. वेळ, मजला, लिफ्ट, हळद. मानसिक त्रासाची रक्कम याच मजकुरावर ठरते. "आम्हाला अतोनात मनस्ताप झाला" असं वाक्य सगळेच लिहितात, त्याने काही कळत नाही. "76 वर्षांची बाई हळदीला उतरू शकली नाही" हे वाचणाऱ्याला समजतं. वय मी अंदाजे लिहिलंय, तुम्ही खरं लिहा.

लोडशेडिंग
लिफ्टचं आणखी एक. महाराष्ट्रात लिफ्टसाठी 2017 चा स्वतंत्र कायदा आहे, परवाना आणि तपासणी विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडे. लिफ्ट दोन दिवस कशामुळे बंद होती ते हॉटेलला लेखी विचारा. दुरुस्तीसाठी बंद असेल तर खोली देतानाच सांगायला हवं होतं. गुडघेदुखीच्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरची खोली देताना गप्प बसणं मला एसीपेक्षा जास्त लागलं.

तर्रीवाला_भाऊ
खरं आहे. खालची खोली देली असती तरी म्हातारीचे हाल वाचले असते.

चिटणवीसपुरा
मी हॉटेलवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा मांडतो. लहान हॉटेलं अशा एका तक्रारीने आणि दहा खराब रिव्ह्यूंनी बसतात. तिथे वीस-पंचवीस पोरं कामाला असतात, बहुतेक भंडारा-गोंदियाकडची. आधी बोलून मिटवावं, आयोग शेवटी.

खामलाकर
मान्य आहे, म्हणूनच अजून रिव्ह्यू लिहिलेला नाही. पोरांनी खरंच धावपळ केली, रात्रभर बर्फाचं पाणी आणून दिलं. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही.

फ्रंटऑफिसवाली
हे वाचून बरं वाटलं काका. तक्रारीत हेही लिहा. मालकाला कळू दे की पाहुण्यांना सांभाळलं ते पोरांनी.

भाचा_कंपनी
अ‍ॅपवरून घेतलेल्या दोन खोल्यांचं काय? अ‍ॅपवाले म्हणतात "आम्ही फक्त मध्यस्थ, हॉटेलशी बोला."

ग्राहकसेवक_वर्धा
असं म्हणून त्यांना हात झटकता येत नाहीत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांनी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो. त्याने तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि महिन्याच्या आत निवारण करायचं. त्या अधिकाऱ्याचा ईमेल अ‍ॅपवर द्यावाच लागतो, बहुधा अगदी तळाशी सापडतो. त्याला लिहा आणि हॉटेललाही प्रत पाठवा.

बाकी, "सामानाची जबाबदारी हॉटेलची नाही" असल्या पाट्यांना घाबरू नका. हॉटेलच्या माणसाकडे चावी दिलेली गाडी चोरीला गेली, तेव्हा "मालकाच्या जोखमीवर" असं पावतीवर छापलंय म्हणून हॉटेल सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे. पाटी लावली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही.

जरीपटका_जंक्शन
जेवणाच्या बिलात सेवा शुल्क लावलंय का तेही पाहा काका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढून ते आपोआप लावायला मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च 2025 मध्ये त्या सूचना उचलून धरल्या.

खामलाकर
पाहिलं. रविवारच्या जेवणावर 640 रुपये लावलेत! लक्षातच आलं नव्हतं कुणाच्या. धन्यवाद भाऊ, हेही लिहितो.

गोकुळपेठ_गृहिणी
मी स्वतः आयोगात गेले आहे, हॉटेल नाही, पर्यटन कंपनीविरुद्ध. कायद्यात तपासणीची गरज नसेल तर 3 महिन्यांत निकाल असं म्हटलंय, माझ्या तक्रारीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. सिव्हिल लाईन्सला चकरा झाल्या. शेवटी पैसे मिळाले, खर्चही मिळाला, आणि मला समाधान आहे. पण ज्यांना चकरा जमणार नाहीत त्यांनी मध्यस्थीचा पर्याय मागावा. नव्या कायद्यात आयोगाशी जोडलेला मध्यस्थी कक्ष आहे, दोन्ही बाजू तयार असतील तर प्रकरण तिथे पाठवतात. तक्रार ऑनलाइनही भरता येते, आता ई-जागृती पोर्टलवर.

मूळ व्हिडिओ फोनमधून पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत लहान होते, तारीख-वेळेची माहितीही जाते.

खामलाकर
मंडळी, घडलेलं सांगतो. हिशेबनीसांची मांडणी तशीच ईमेलने पाठवली, पाटीचा फोटो, व्हिडिओ, डॉक्टरांचा कागद जोडून. 16,300 आणि सेवा शुल्काचे 640 वेगळ्या ओळीत. त्रासापोटी 10,000 तिसऱ्या ओळीत. 15 दिवसांची मुदत दिली.

आज मालकाचा स्वतःचा फोन आला. भाड्याचे 13,650, टॅक्सीचे 350 आणि सेवा शुल्काचे 640 लगेच देतो म्हणाले. डॉक्टरांचं बिल आणि त्रासाची रक्कम नाकारली. आवाज चढवला नाही, "नॉन-एसीचा फरक तुम्ही बरोबर काढला" असंही म्हणाले. पण पैसे देताना एका पत्रावर सही हवी आहे: "माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही, ही रक्कम पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून स्वीकारत आहे."

सही करावी का?

रोखठोक_44
अजिबात नाही!

चिटणवीसपुरा
करा आणि मोकळे व्हा काका. मालकाने स्वतः फोन केला, यालाही किंमत आहे.

ग्राहकसेवक_वर्धा
डॉक्टरांचं बिल सोडून द्यायचं असेल तरच ते वाक्य ठेवा. सोडायचं नसेल तर असं लिहून द्या: "एसी सेवा न मिळाल्याबद्दल भाड्याचा परतावा, टॅक्सी खर्च व सेवा शुल्क मिळून 14,640 रुपये मिळाले. वैद्यकीय खर्च व त्रासाबाबतचा दावा प्रलंबित आहे." रक्कम रोख घेऊ नका, खात्यात घ्या. आणि आत्याबाईंच्या वतीने तुम्ही सही करू नका. तो दावा त्यांचा आहे, सोडायचा की नाही ते त्यांना विचारा.

खामलाकर
आत्ताच आत्याला फोन केला. ती म्हणाली, "डॉक्टरचे पैसे सोड रे, पण लिफ्ट सुरू केली का ते विचार. माझ्यासारखी दुसरी कुणी येईल." म्हणून मालकांना कळवलंय: 14,640 खात्यात घेतो, तुमच्या पत्रावर सहीही करतो, मात्र लिफ्ट दुरुस्त केल्याचं लेखी द्या आणि तोवर वरच्या मजल्याची खोली देताना पाहुण्यांना आधी सांगा. त्यांनी उद्या दुपारपर्यंतचा वेळ मागितलाय.

लोडशेडिंग
लिफ्टच्या दुरुस्तीच्या पावतीची प्रतही मागा. नुसत्या पत्रावर भागवू नका.

खामलाकर
मागतो. आणि हो सावजी_सम्राट, यादीचा धागा काढाच, डिसेंबरात सोलापूरकर परत येणार आहेत. या वेळी आमच्या घरी उतरतील.